मेंदूला मार बसल्यानंतरची तडफड व तीवरील औषधे



या व्यासपीठावर कामगार संघटनेचा कार्यकर्ता उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही औषधांवर बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते नगरवाचनालयाच्या बाकावर, हाताशी शब्दकोश ठेवून शिकलो. तेव्हा कोणत्या रोग्याला कोणती गोळी किती द्यावी हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही व तसे आम्ही सांगणारही नाही. परंतु गोळी देणाराला आपण काय विचारावे, एवढे सांगण्याचा अधिकार आम्हांला एका रात्रीने दिला आहे. ती रात्र प्रथम सांगतो.

२००९ सालच्या पावसाळ्यात आमच्या सभासदांपैकी एक फिटर शेडच्या पत्र्यावरून घसरून खाली पडला. वय चौतीस. सहा दिवस तो बेशुद्ध होता. सातव्या दिवशी त्याने डोळे उघडले, तेव्हा घरच्यांनी वॉर्डात पेढे वाटले. आठव्या दिवशी तो बिथरला. ज्याच्या तोंडून आम्ही कधी वावगा शब्द ऐकला नव्हता, तो आईला शिव्या देऊ लागला. नाकातली नळी त्याने उपटून काढली, पलंगाच्या दांड्यांवर लाथा झाडल्या, आणि 'पाळी सुरू झाली, मला सोडा' असा एकच घोष लावला. त्याचे हातपाय पट्ट्यांनी बांधण्यात आले. संध्याकाळी एक इंजेक्शन झाले. अर्धा तास तो शांत पडला व पुन्हा उसळला. आई म्हणाली, बाहेरची बाधा आहे. बरोबरचा एक जण हळूच म्हणाला, हा आता वेडा झाला. रात्री दोनच्या सुमारास आम्ही स्वतः त्या तरुण डॉक्टरांपुढे हात जोडले व म्हणालो, "डॉक्टरसाहेब, काहीतरी जालीम द्या, पण याला झोपवा." दुसरे इंजेक्शन झाले. तडफड थांबली नाही.

पहाटे परिचारिकांची पाळी बदलली. नव्या पाळीच्या वयस्क सिस्टरबाईंनी आल्याआल्या त्याच्या ओटीपोटावर हात ठेवला. पोट दगडासारखे घट्ट होते. लघवीसाठी घातलेली रबरी नळी बांधलेल्या मांडीखाली दुमडून बंद झाली होती. बाईंनी पट्टी सोडली, नळी सरळ केली. बघता बघता पिशवी भरली, आणि पाव तासात तो माणूस झोपी गेला.

श्रोतेहो, त्याला जे सांगायचे होते ते तो रात्रभर सांगत होता. त्याच्यापाशी त्यासाठी शब्द नव्हते एवढेच. तक्रार ऐकण्यापूर्वी कामगाराचे तोंड बंद करणाऱ्या व्यवस्थापनाशी आम्ही जन्मभर भांडलो, आणि त्या रात्री नेमके तेच आम्ही केले. ही बोच मनात राहिली, म्हणून आम्ही या विषयावर जे मिळेल ते वाचू लागलो.

आता ही तडफड होते कशाने, ते पाहू. मेंदू हा मऊ अवयव कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो. कवटीचा तळ पुढच्या बाजूस खडबडीत आहे. डोके जोराने आपटले की मेंदू आतल्या आत हलतो, आणि कपाळामागचा व कानशिलांमागचा भाग त्या हाडांवर घासला जातो. रागाला आवर घालणे, वेळकाळ ओळखणे, नवीन गोष्ट ध्यानात ठेवणे, ही कामे मुख्यत्वेकरून याच भागांची. शिवाय मेंदूच्या एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंत जाणारे बारीक तंतू ताणले जातात व तुटतात. ऑक्सफर्डच्या डॉ. सबीना स्ट्रिच यांनी १९५६ साली अशा तुटलेल्या तंतूंचे वर्णन केले. साध्या स्कॅनमध्ये हे तंतू पुष्कळदा दिसत नाहीत. म्हणून 'स्कॅन नॉर्मल आहे, मग हा असे का वागतो?' हा प्रश्न मुळातच चुकीचा ठरतो.

बेशुद्धीतून माणूस बाहेर येतो तेव्हा सगळा मेंदू एकदम जागा होत नाही. जागे ठेवणारा खालचा भाग आधी काम करू लागतो. स्मरण व विवेक मागाहून येतात. आमच्या भाषेत सांगायचे तर इंजिन सुरू झाले, पण त्याचा वेग आवरणारा गव्हर्नर अजून बसलेला नाही. या मधल्या काळात रोगी जागा असतो, बोलतो, परंतु नवीन काहीच त्याच्या ध्यानात राहत नाही. क्षणभर स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहा. आपण डोळे उघडतो तो अनोळखी खोली, डोळ्यांवर दिवा, नाकात नळी, अंगभर ठणका, हात बांधलेले, आणि भोवती परकी माणसे. कोणी सांगते, तुला अपघात झाला. पाच मिनिटांनी ते सांगणेही पुसले जाते व पुन्हा तीच अनोळखी खोली. अशा स्थितीत आपल्यापैकी कोण स्वस्थ पडून राहील?

कॅलिफोर्नियातील रांचो लॉस अमिगोस या रुग्णालयात १९७२ साली मेंदूच्या अशा रोग्यांसाठी सुधारणेची आठ पायऱ्यांची एक शिडी तयार करण्यात आली. तिची पहिली पायरी म्हणजे कसलाच प्रतिसाद नसणे. चौथी पायरी म्हणजे गोंधळ व तडफड. आमचा फिटर ज्या दिवशी बिथरला, त्या दिवशी तो या शिडीवर चौथ्या पायरीला पोहोचला होता. घरच्यांना वाटले, पेढे वाटायची घाई झाली. वस्तुतः तो वरच चढत होता. प्रत्येक रोगी या पायरीवर थांबतो असे नाही, आणि थांबलेल्यांपैकी बहुतेकांची तडफड काही दिवसांत, काहींची काही आठवड्यांत ओसरते. म्हणून औषधांविषयी पहिली गोष्ट ही, की ओसरणाऱ्या गोष्टीवर दिलेले कोणतेही औषध यशस्वी झाल्यासारखे वाटते.

दुसरी गोष्ट अशी की, तडफडीमागे पुष्कळदा दुसरेच कारण दडलेले असते, व ते आधी शोधावे लागते. लघवी तुंबणे व बद्धकोष्ठ ही साधी कारणे. न दिसलेले हाड मोडणे, ताप, रक्तातील प्राणवायू किंवा साखर कमी होणे, मेंदूच्या दुखण्यात नेहमी आढळणारी रक्तातील सोडियमची घट, झटके, ही त्याहून गंभीर. सर्वांत भयंकर कारण म्हणजे कवटीच्या आत पुन्हा रक्त साठू लागणे. अशा वेळी रोग्याला झोपेचे इंजेक्शन देऊन गप्प केले, तर धोक्याची घंटाच बंद केल्यासारखे होते. म्हणूनच झोपेचे औषध देण्यापूर्वी चांगले डॉक्टर बाहुल्या पाहतात, हातपाय हलतात का पाहतात, जरूर तर पुन्हा स्कॅन करवितात. तेव्हा 'उशीर का लावता?' म्हणून त्यांच्यावर ओरडू नये.

आणखी एक कारण आमच्या वस्तीत सर्रास आढळते, आणि घरचे ते लपवतात. रोज दारू पिणारा माणूस रुग्णालयात पडला की त्याची दारू एकाएकी बंद होते. दोनतीन दिवसांत हातपाय कापू लागतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसू लागतात. ही तडफड डोक्याच्या मारातून आलेली नसून दारू तुटल्याची आहे, आणि तिचे औषध वेगळे आहे: डायझेपाम किंवा लोराझेपामच्या जातीची औषधे, व त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व. डॉक्टरांना खरे सांगितले नाही, तर ते चुकीच्या वाटेने जातील व त्यात माणूस दगावू शकतो. अब्रूपेक्षा जीव मोठा, एवढे घरच्यांनी लक्षात ठेवावे.

कारण शोधले, खोली शांत केली, आणि तरीही रोगी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी भीती उरली, म्हणजे औषधाची वेळ येते. ती वेळ खरोखर येते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. श्वासाची नळी उपटणाऱ्या रोग्यापुढे उपदेश करीत बसता येत नाही.

अशा वेळी आणीबाणीत बहुधा हॅलोपेरिडॉल दिले जाते. हे मुळात मनोविकारांवरचे औषध. मेंदूतील डोपामीन नावाच्या रसायनाचे काम ते अडवते व माणूस लवकर शांत होतो. परंतु लक्ष देणे, हालचाल करणे व नवे शिकणे यांसाठी तेच डोपामीन लागते. न्यू मेक्सिकोचे संशोधक डेनिस फीनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली उंदरांच्या मेंदूला इजा करून त्यांना अरुंद दांडीवरून चालावयास लावले. अ‍ॅम्फेटामीन या उत्तेजक औषधाचा एक डोस व सराव यांनी उंदीर लवकर सुधारले. हॅलोपेरिडॉलने ती सुधारणा मंदावली. त्यातली आम्हांला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट अशी, की उत्तेजक औषध देऊन उंदराला कोंडून ठेवले, हालू दिले नाही, तर त्या औषधाचा फायदाही होईना. उंदरावरून माणसाचा निवाडा करू नये हे खरे. पण १९८५ मध्ये २६ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी हॅलोपेरिडॉल दिलेल्या ११ जणांचा स्मृती हरपलेला काळ इतरांहून लांबलेला आढळला. अर्थात ज्यांना ते द्यावे लागले ते अधिक जखमी असतील, ही शंका राहतेच. आणि त्यांचे अखेरचे पुनर्वसन इतरांहून वाईट झाले असेही दिसले नाही. तरी एवढा इशारा पुरे, की आणीबाणीचे औषध आणीबाणीपुरते असावे.

लोराझेपाम, डायझेपाम ही गुंगीची औषधे स्मरणशक्तीवर पडदा टाकतात, तोल घालवतात, आणि काही रोग्यांत उलट परिणाम करून त्यांना अधिकच बेफाम करतात. आधीच ज्याच्या ध्यानात काही राहत नाही, त्याला ती रोज देणे म्हणजे गळक्या पिंपाला आणखी एक भोक पाडणे होय.

प्रोप्रानोलॉल हे रक्तदाबाचे व हृदयाचे जुने, स्वस्त औषध. ते अ‍ॅड्रिनलिनच्या जोराला आवर घालते. १९९२ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे २१ रोग्यांवर त्याची कसोटी झाली. काहींना खरी गोळी, काहींना हुबेहूब दिसणारी निर्गुण गोळी. तडफडीचे झटके दोन्ही गटांत सारखेच आले. परंतु खरी गोळी घेणाऱ्यांत त्यांचा जोर कमी होता, व त्यांना बांधून ठेवण्याची पाळीही कमी आली. मेंदूच्या इजेनंतरच्या तडफडीवरील व आक्रमकपणावरील औषधांच्या अशा सर्व कसोट्यांची छाननी कॉक्रेन या संस्थेने २००६ मध्ये केली, तेव्हा स्वीकारण्याजोग्या अवघ्या सहा सापडल्या, व त्यांत सर्वांत बरा पुरावा याच जातीच्या औषधांचा निघाला. फ्रान्समधील पुनर्वसन-वैद्यांनी २०१६ साली केलेल्या शिफारशींतही प्रोप्रानोलॉलसारखी औषधे, आणि झटक्यांवरची पण मन स्थिर करणारी कार्बामाझेपीन व व्हॅल्प्रोएट ही पुढे ठेवली आहेत. हॅलोपेरिडॉलसारख्यांना तातडीच्या प्रसंगापुरती जागा दिली आहे. मात्र प्रोप्रानोलॉलही निर्धोक नाही. दमेकऱ्याला ते घातक ठरू शकते, नाडी व रक्तदाब खाली आणते, आणि एकाएकी बंद करता येत नाही.

अमँटाडीन हे मुळात इन्फ्लुएंझावरचे औषध. २०१२ साली १८४ रोग्यांवरील कसोटीत त्याने जवळजवळ शुद्धीहीन असलेल्यांची सुधारणा चार आठवडे वेगाने केली. औषध थांबल्यावर तो वेग मंदावला. मग चिडचिडेपणावरही ते चालेल अशी आशा निर्माण झाली. प्रारंभीच्या कसोटीत ती खरी वाटली. पण २०१५ मध्ये १६८ जणांवर मोठी कसोटी झाली, तेव्हा निर्गुण गोळी घेणारेही इतके सुधारले की घरच्यांच्या नोंदींत फरक स्पष्ट दिसेना. कोणीतरी नियमाने विचारपूस करते, कोणीतरी लक्ष देते, याचाही गुण येत असावा, असे आम्हांला वाटते.

कोणी म्हणेल, डॉक्टरांना वाटते ते द्यावे, एवढी कसोट्यांची कटकट कशाला? त्याला एकच उदाहरण पुरे. मेंदूची सूज उतरावी म्हणून डोक्याच्या मारावर स्टेरॉइड देण्याची पद्धत दशकानुदशके होती. तर्क अगदी बरोबर वाटत होता. शेवटी 'क्रॅश' नावाची मोठी कसोटी झाली. तीत १०,००८ रोगी होते. २००४ साली निकाल आला. दोन आठवड्यांत स्टेरॉइड न दिलेल्यांपैकी शेकडा १७.९ दगावले होते, दिलेल्यांपैकी २१.१. सद्हेतूने दिलेल्या औषधाने माणसे मेली होती.

आता आमच्या फिटरकडे पुन्हा वळू. तो घरी आला तेव्हा त्याच्या कागदावर हॅलोपेरिडॉलची गोळी लिहिलेली होती. ती केव्हा थांबवावी हे कोणी लिहिले नव्हते, आणि आम्ही कोणी विचारले नव्हते. औषधाच्या दुकानातून ती महिन्यामागून महिना येत राहिली. पुढे तो कामावर रुजू झाला आणि चौदाव्या महिन्यात त्याला नोटीस मिळाली: 'यंत्र सोडून वारंवार फिरतो, सांगितले तरी एका जागी उभा राहत नाही.' घरीही तसेच चालले होते. जेवताना उठे, बसला तर पाय हलवी, रात्री ओसरीवर येरझारा घाली. आम्ही त्याला घेऊन एका मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी प्रथम औषधांचा कागद मागितला. ते म्हणाले, या जातीच्या औषधांनीच अशी अस्वस्थता उत्पन्न होते. तिला 'अकथिसिया' म्हणतात. रोग्याला आतून कोणी ढकलीत असल्यासारखे वाटते. पाहणाऱ्याला वाटते तडफड वाढली, मग तो डोस वाढवतो, आणि डोस वाढला की तडफड वाढते. त्यांनी ती गोळी काही आठवड्यांत, थोडी थोडी करून बंद केली. येरझारा थांबल्या. चौकशीपुढे आम्ही डॉक्टरांचे पत्र ठेवले, व नोटीस मागे घेण्यात आली. ज्या गोष्टीवर औषध म्हणून गोळी दिली, त्याच गोष्टीबद्दल त्याची भाकरी जाणार होती.

यावरून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. झटक्यांवरची औषधे एकाएकी सोडली तर झटक्यांची मालिका सुरू होऊन प्राण जाऊ शकतो. परंतु त्यांचीही मुदत विचारता येते. १९९० साली ४०४ रोग्यांवर झालेल्या कसोटीत फेनिटॉइनने झटके टाळण्याचे काम पहिल्या आठवड्यापुरतेच केले. पुढे उपयोग दिसला नाही. ज्यांना झटके येऊन गेले त्यांची गोष्ट अर्थात निराळी. आणि लेव्हेटिरासेटॅम हे आज पुष्कळ चालणारे झटक्यांवरचे औषध काही जणांना चिडखोर करते. घरच्यांनी ते डॉक्टरांच्या कानावर घातले, तर पर्याय निघू शकतो.

कारखान्यात प्रत्येक करार मुदतीचा असतो. मुदत न घातलेल्या करारावर आम्ही सही करीत नाही. गोळीचेही तसेच असावे. ही कशासाठी? गुण येतो आहे की नाही हे कशावरून ओळखावे? गुण नाही आला तर केव्हा थांबवावी? हे तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. चांगला डॉक्टर रागावत नाही. एका वेळी एकच नवे औषध, थोड्या मात्रेपासून सुरुवात, आणि नोंद, ही जाणत्यांची रीत आहे. नोंदीसाठी अमेरिकेतील ओहायोचे जॉन कॉरिगन यांनी १९८९ मध्ये एक तक्ता प्रसिद्ध केला. त्यात चौदा बाबी आहेत: लक्ष न ठरणे, नळ्या ओढणे, येरझारा, एकाएकी रडू वा हसू येणे, इत्यादी. प्रत्येकीला एक ते चार गुण. बेरीज १४ ते ५६. २१ पर्यंत चिंतेचे कारण नाही, ३५ च्या वर गेली की तीव्र. परिचारिकांनी तो पाळीगणिक भरला, म्हणजे औषधापूर्वी काय होते व नंतर काय झाले हे कागदावर दिसते. घरच्यांनी साध्या वहीत वेळ, वागणे व त्याआधी काय घडले एवढे लिहिले, तरी डॉक्टरांना मोठी मदत होते. आमच्या वहीने उजेडात आणले ते हेच, की रविवारी पाहुण्यांची रीघ लागली की त्याची रात्र वाईट जाई.

म्हणून भेटायला जाणाऱ्यांनाही एक विनंती. एका वेळी एकानेच जावे, हळू व थोडके बोलावे, 'मला ओळखलेस का?' अशी परीक्षा घेऊ नये. आपले नाव, वार, ठिकाण आपणच सांगावे. समोर घड्याळ व दिनदर्शिका असावी, रात्री दिवा मंद असावा, दूरचित्रवाणी बंद असावी. फिरू पाहणाऱ्याला शक्य तर धरून फिरवावे. पलंगावरून पडेल असे वाटले, तर गादी जमिनीवर घालावी. हे उपाय कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. त्यांना माणसे लागतात. ज्या वॉर्डात चाळीस रोग्यांमागे एक परिचारिका, तेथे पट्टी व इंजेक्शन हेच स्वस्त मनुष्यबळ ठरते, आणि तेथे हा औषधशास्त्राचा प्रश्न राहत नाही, तर आपण सार्वजनिक रुग्णालयांवर किती खर्च करतो याचा होतो. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्याच रस्त्यांवर डोक्याला मार बसून वाचलेले, बांधकामांवरून पडून वाचलेले, या वॉर्डांत येतात. उद्या आपल्यापैकीही कोणी येईल.

शेवटी एका जुन्या कामगाराची आठवण करतो. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना फिनिआस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली सुमारे सहा किलोंची लोखंडी पहार कवटी भेदून बाहेर पडली. तो जगला. परंतु त्याचा स्वभाव इतका पालटला, की कंत्राटदारांनी त्याला मुकादमाची जागा पुन्हा दिली नाही. पुस्तकांत त्याची कथा बहुधा येथेच संपवतात. पण तो पुढे चिली देशात गेला व तेथे त्याने कित्येक वर्षे घोडागाडी हाकली. नेमलेले घोडे, नेमलेला रस्ता, नेमलेली वेळ. या नियमित कामानेच तो सावरला असावा, असे अलीकडचे काही अभ्यासक मानतात.

आमचा फिटरही आज अवजारांच्या खोलीत हत्यारे देण्याघेण्याचे काम करतो. नावे विसरतो, म्हणून पाटीवर लिहून ठेवतो; गोंगाट सोसत नाही, म्हणून भोंग्याच्या वेळी कानांवर हात ठेवतो. त्या रात्रीचे त्याला काही आठवत नाही. आम्ही त्याला एकदा सगळे सांगितले, आमची विनंती आणि दुसरे इंजेक्शनसुद्धा. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "दादा, पुढच्या वेळी आधी पोट बघा." आमचे सारे व्याख्यान त्याने एका वाक्यात आटोपले.